सगळं मिळालं तरी आत रिकामं का वाटतं? ख्रिस्ती माणसाचं समाधान नेमकं कशात असतं?

नगरची_लेक (धागा)

जय ख्रिस्त, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना नमस्कार.

आमच्या मंडळीत तरुण संघाचा बायबल अभ्यास मी घेते. सध्या बायबलच्या जुन्या करारातलं उपदेशकाचं पुस्तक चालू आहे. दुसऱ्या अध्यायापाशी आलो तेव्हा एका मुलीने सरळ विचारलं, "ताई, प्रभू आला की पोकळी भरते असं शब्बाथ शाळेपासून (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गापासून) ऐकतेय. माझा बाप्तिस्मा झालाय, नोकरी चांगली आहे, मालाडला घर बुक केलंय. पोकळी आहे तिथेच आहे. माझा विश्वास खोटा आहे का?" समोर बसलेल्या बऱ्याच जणांचे चेहरे असे झाले, की प्रश्न तिने त्यांच्याही वतीने विचारला होता. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, उपदेशक हा काही नास्तिक नव्हे. त्याने वाडे बांधले, बागा लावल्या, तळी खणली, गाणारे-वाजवणारे ठेवले, सोनंरुपं साठवलं. डोळ्यांनी जे मागितलं ते त्यांना नाकारलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. आणि शेवटी हे सगळं वाऱ्यामागे धावणं ठरलं, असंही तोच सांगतो. हे पुस्तक आपल्याच शास्त्रात आहे. म्हणजे देवाला मानणाऱ्या माणसाला रिकामं वाटू शकतं, हे पवित्र शास्त्राने लपवलेलं नाही. पुढे तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, देवाने माणसाच्या मनात अनंतकाळाची जाणीव ठेवली आहे. मला वाटतं, आपली तहान तिथली आहे. ती कोणी चुकून ठेवलेली नाही.

दुसरं, संत ऑगस्टीन, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतला मोठा शिक्षक. आज उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियात जे गाव येतं तिथे ३५४ साली तो जन्मला, आणि हुशारीच्या जोरावर मिलानला वक्तृत्वाचा शिक्षक झाला. त्या काळात यापेक्षा मोठी नोकरी क्वचितच असेल. एके दिवशी सम्राटाच्या स्तुतीचं भाषण करायचं होतं. त्यात बरंच खोटं होतं आणि ऐकणाऱ्यांनाही ते माहीत होतं. त्या काळजीने तो आतून पोखरला होता. रस्त्यात एक भिकारी दिसला, दारू पिऊन हसत होता. ऑगस्टीन सोबतच्या मित्रांना म्हणाला, आपण एवढी धडपड ज्यासाठी करतो ते याला चार नाण्यांत मिळालं. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता हे त्याला कळत होतं. पण आपलं यशही खरं नाही, हे त्याला त्या दिवशी लख्ख दिसलं. पुढे ३८७ साली मिलानमध्येच त्याचा बाप्तिस्मा झाला. बीकेसीत किंवा अंधेरीत उद्याच्या प्रेझेंटेशनच्या धास्तीने रात्रभर जागणाऱ्या कोणालाही हा माणूस परका वाटू नये.

माझं म्हणणं असं, की मुलांच्या मनात ख्रिस्त यादीतली शेवटची वस्तू होऊन बसला आहे. नोकरी, घर, लग्न, आणि मग वरून थोडा ख्रिस्त. मुंबईत तर ही यादी संपतच नाही. वन-रूम-किचन झालं की वन बीएचके, मग मुलाची अ‍ॅडमिशन, मग वीस वर्षांचा हप्ता. मार्कच्या शुभवर्तमानातला, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस येशूकडे धावत आला तेव्हा त्यालाही यादीत आणखी एक कलम हवं होतं. "सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू?" येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क मुद्दाम लिहितो. आणि मग येशूने त्याला असलेलं सोडायला सांगितलं. इथे क्रम बघा. आधी प्रीती आहे, मागणी नंतर.

विश्वासात बरीच वर्षं काढलेल्यांनी आपला अनुभव सांगावा. पोकळी भरते का? कशी?

बावखल

ताई, मी वसईचा, कॅथलिक. नोकरी मुंबईत होती तेव्हापासून दर बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला (नऊ आठवडे करायच्या प्रार्थनेला) जातो. निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही.

तुमचं म्हणणं पटतं, पण एका गोष्टीची भर घालतो. आपण मागण्यांना फार पटकन कमी लेखतो. माहीमला लोक पत्रं लिहून पेटीत टाकतात आणि त्यातली काही नोव्हेनाच्या वेळी वाचून दाखवतात. कोणाला मूल हवं असतं, कोणाच्या मुलाची दारू सुटायला हवी असते, कोणाला भाड्याची खोली मिळत नसते. पत्रं लिहिणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशीही असतात. ही माणसं काही हावरी नव्हेत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेलीच आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला "छप्पराने समाधान मिळत नाही" असं सांगणं मला बरं वाटत नाही. ज्याचं पोट भरलंय त्यानेच उपदेशक वाचावा, असं मी म्हणेन.

आता त्या पत्रांतली आभाराची पत्रं. ती मी लक्ष देऊन ऐकतो. एका बाईने लिहिलं होतं, नवऱ्याच्या आजारासाठी नऊ बुधवार केले, नवरा गेला. तरी आभार मानायला पत्र लिहिलं, कारण त्या बुधवारी रांगेत मागे उभी राहणारी एक अनोळखी बाई नंतर रोज हॉस्पिटलात डबा घेऊन येत होती. पत्र वाचून झालं आणि फादर क्षणभर पुढचं पत्र उचलायचे थांबले. मागितलं ते मिळालं नाही आणि तरी ती बाई रिकामी नव्हती. हे कसं होतं ते मला समजावता येणार नाही, पण मी ते ऐकलेलं आहे.

ठाणे_पूर्व

मी ख्रिस्ती नाही. घरात वारकरी परंपरा, आजोबा आयुष्यभर पंढरीची वारी करत. प्रश्न प्रामाणिकपणे विचारतोय, वाद घालायला नाही. यादी सोडा, धावणं सोडा, भगवंतात समाधान शोधा, हे तर आम्हाला तुकोबांनी केव्हाच सांगितलंय. मग "ख्रिस्ती दृष्टिकोन" म्हणून वेगळं असं काय आहे यात?

नऊ_सत्तावीस

धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ती मालाडची मुलगी आणि मी एकाच होडीत आहोत. मी पवईत सॉफ्टवेअरमध्ये आहे. लहानपणापासून चर्चला जातो, कधी चुकवलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थना फेलोशिपमध्ये जायला लागलो. तिथे रिकामं वाटतं असं सांगितलं तर उत्तर मिळालं, विश्वास कमी पडतोय, एखादं पाप लपवलेलं असेल, दशांश (कमाईचा दहावा भाग) नियमित दे, आशीर्वाद येईल. दिला. काही महिने बरं वाटलं. आता सकाळी उठवत नाही, जेवणाला चव लागत नाही. प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलतोय असं वाटतं. बाकीच्यांचे हात वर, डोळ्यांत पाणी, आणि माझ्या आत काहीच नाही. देवाने मला सोडलंय का?

परळची_नर्स

@नऊ_सत्तावीस, भावा, बाकीचं सगळं नंतर. आधी हे वाच.

मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे आणि चर्चलाही जाते. झोप-भूक बिघडणं, कशातच रस न वाटणं, सकाळी उठावंसं न वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगू नये असे विचार मनात येत असतील तर आजच कोणाला तरी सांग. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांनी तुला पाप शोधायला सांगितलं त्यांना बायबलमधल्या १ राजे पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचायला सांग. एलीया एवढा मोठा संदेष्टा, झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? प्रवचन दिलं नाही. पापं मोजली नाहीत. देवदूताने त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला परत उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट लांब होती. डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. नाइट ड्यूटीला मला हा अध्याय फार आठवतो.

माथारपाखाडी

नर्सताईंना शंभर टक्के अनुमोदन.

@नऊ_सत्तावीस, भिंतीशी बोलल्यासारखं वाटणारा तू पहिला नाहीस. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं, की त्यांनी कितीतरी दशकं प्रार्थनेत अंधारच अनुभवला. आत देवाचा स्पर्श नाही, शांती नाही, आणि रोज पहाटे उठून कामाला जात होत्या. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र उघडून बघ. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेतात, हे अंधारातच संपतं. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. भावना आली नाही म्हणून देव गेला, असं मानायचं काही कारण नाही.

आमच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांच्या) गावठाणात मे महिन्यात क्रॉसजवळ संध्याकाळी सगळे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, जमतात. त्यात ज्यांना रोज काहीतरी वाटतं अशी माणसं किती असतील कोण जाणे. पण एकाची प्रार्थना अडली तर बाकीचे म्हणतात. मला तरी विश्वास एकट्याने सांभाळायची गोष्ट वाटत नाही.

नगरची_लेक

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. बावखल काका, तुमची दुरुस्ती मान्य. त्या बाईंच्या पत्राबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार.

@ठाणे_पूर्व, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात तुकोबा परके नाहीत. नारायण वामन टिळकांचंच बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा ब्राह्मण कवी. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचायला घेतला तो येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर खाली ठेववेना. १८९५ मध्ये इथे मुंबईत बाप्तिस्मा झाला. पण पुढेही त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगातच लिहिली, आजही आमच्या उपासनेत ती टाळ-पेटीवर म्हटली जातात. संतांची शिकवण त्यांनी कधी टाकली नाही.

मग वेगळं काय? इतरांच्या भक्तीचं मोजमाप मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला ख्रिस्तात जे दिसलं तेवढंच सांगते. लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेल्यांच्या तीन गोष्टी आहेत. मेंढरू, नाणं आणि मुलगा. आपण मुलाच्या गोष्टीवर थांबतो, मला मात्र नाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. मेंढरू निदान ओरडत तरी असेल, मुलगा उठून घराकडे चालायला लागला. नाणं काय करतं? काहीच नाही. त्याला आपण हरवलोय हेसुद्धा कळत नाही. बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. माझ्या विश्वासाचा गाभा इथे आहे. मी शोधते आहे यापेक्षा मला कोणीतरी शोधतंय. नऊ_सत्तावीस, तुझ्या आत काहीच हलत नसेल तर आत्ता तुझ्यासाठी हीच गोष्ट आहे, दादा. तू काही करायचं नाहीस.

आता मालाडच्या मुलीच्या प्रश्नाकडे. पुढच्या अभ्यासाला मी तिला त्याच अध्यायातला थोरला भाऊ वाचायला दिला. धाकटा उधळून आला, त्याच्यासाठी मेजवानी झाली. थोरला शेतावरून आला, गाणं-बजावणं ऐकलं आणि आत जाईना. त्याचं बापाशी बोलणं नीट वाचा. इतकी वर्षं मी तुझी चाकरी करतोय, तुझी एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस. तो घर सोडून कधीच गेला नव्हता, तरी घरात मजुरासारखा राहिला. हजेरी लावत होता, आणि पगाराची वाट बघत होता. आम्ही चर्चमध्ये वाढलेले बहुतेक सगळे धाकटे नसून थोरले आहोत. शब्बाथ शाळा केली, चुकलो नाही, मग आमचं समाधान कुठे आहे? बाप त्याला रागावत नाही. मेजवानी सोडून स्वतः बाहेर येतो आणि म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्याजवळच आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे त्याला हवं होतं ते त्याच्याकडे होतंच, कमाई म्हणून मागत राहिल्यामुळे ते त्याला कधी घेता आलं नाही. तो आत गेला का, हे येशू सांगत नाही.

त्यावर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे बाप्तिस्मा झाला की शोध संपत नाही." नाहीच संपत! पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. लहानपणी आईवडिलांबरोबर देशभर तीर्थयात्रा केल्या. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, शोध संपला, काम सुरू झालं. पण पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. एवढ्या विदुषीला हे कबूल करताना लाज वाटली नाही. आणि सापडल्यावर त्या डोळे मिटून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन पुण्याजवळच्या केडगावला आल्या. त्यांचं मुक्ती मिशन आजही तिथे आहे.

टिळकांचंही तेच. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, १९१७ मध्ये, मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्यांची तहान संपली होती असं मला वाटत नाही. पण ती कोणासाठी आहे ते त्यांना ठाऊक होतं. माझं त्या मुलीला उत्तर हेच आहे. अजून तहान लागते म्हणून विश्वास खोटा ठरत नाही.

ठाणे_पूर्व

नाण्याची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आमच्याकडेही देव भक्तासाठी धावून येतो, जनाबाईबरोबर दळायला बसतो, त्यामुळे अगदी अनोळखी वाटली नाही. पण "तू काही करायचं नाहीस" हे मला अवघड जातंय. साधनेशिवाय समाधान? यावर विचार करतो.

बावखल

@ठाणे_पूर्व, अवघड आहेच. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलं, की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी *शिकलो* आहे. आणि हे त्याने तुरुंगातून लिहिलं. म्हणजे त्यालाही शिकावं लागलं, सवय करावी लागली. आमचे जुने फादर म्हणायचे, देणगी फुकट असते, पण ती घ्यायला हात मोकळे करावे लागतात. जक्कयाला मोकळे करता आले. यरीहोचा जकातदार, येशू त्याच्या घरी जेवायला आला, आणि तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. येशूने त्याच्याकडे एक पैसाही मागितला नव्हता.

परळची_नर्स

नऊ_सत्तावीस, आहेस का? काय केलंस?

नऊ_सत्तावीस

आहे. काल १४४१६ ला फोन केला. बऱ्याच वेळ बोललो, मराठीत. त्यांनी जवळच्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग सांगितला, गुरुवारी जातोय. आईला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली मीपण येते.

फेलोशिपच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. देवाला सोडलेलं नाही. प्रार्थना जमत नाही, तर ८८ वं स्तोत्र वाचतो आणि "आमेन" म्हणतो, एवढंच. ताई, तुमच्या मंडळीत रविवारी आलो तर चालेल का? मला साक्ष वगैरे द्यायची नाहीये. कोणी उभं करून विचारलं तर मला नाही जमणार.

नगरची_लेक

चालेल का काय विचारतोस! ये. मेसेज केलाय, त्यात पत्ता आहे. कोणी उभं करणार नाही, मी पाळकांना सांगून ठेवते. मागच्या बाकावर बस, गाणी म्हणाविशी वाटली तर म्हण, नाहीतर नुसती ऐक. प्रभुभोजन असलं आणि पुढे यावंसं वाटलं नाही तर बसून राहा. नंतर चहा असतो. आईंना घेऊन ये, भगिनी मंडळातल्या बायका त्यांना एकटं पडू देणार नाहीत. आणि गुरुवारचं काही झालं तरी चुकवू नकोस. रविवार गुरुवारची जागा घेत नाही.

माथारपाखाडी

औषध सुरू झालं तर मधेच थांबवू नकोस रे. लगेच फरक पडत नाही, काही आठवडे लागतात. माझ्या घरात एकाने "आता प्रार्थनेने बरं वाटतंय" म्हणून परस्पर बंद केलं होतं, फार त्रास झाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

ठाणे_पूर्व

एक विचारायचं राहिलं. मला हे सगळं मुळातून वाचायचं असेल तर सुरुवात कुठून करू? घरात बायबल नाही.

नगरची_लेक

मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं, १६ अध्याय. ठाण्याहून सीएसएमटीला रोज जात असाल तर आठवड्याभरात सहज होईल. मग लूक, त्यात १५ वा अध्याय येईलच. बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, इतक्यात उघडू नका. बायबल सोसायटीची मराठी आवृत्ती स्वस्तात मिळते, फोनवरही फुकट वाचता येते. वाचताना जिथे अडेल, जिथे पटणार नाही, ते याच धाग्यावर लिहा.